डावा डोळा

चूळ भरली आणि पाणी तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून थेट गाऊनवर. झोप उडाली नसेल म्हणून दुसऱ्यांदा भरली. पुन्हा तेच. मग बेसिनवरच्या आरशात नीट पाहिलं. उजवी बाजू माझीच होती. डावी कुणीतरी दोरा ओढून काढल्यासारखी खाली ओघळली होती. डावा डोळा मिटू म्हटलं तर मिटेना. बुबुळ तेवढं वर सरकायचं आणि खाली पांढरं दिसत राहायचं.

घरात अर्धांगवायू हा शब्द कुणीच उच्चारला नाही. नवरा गाडीची किल्ली शोधत सगळ्या घरभर फिरला, ती त्याच्या हातातच होती. डॉक्टरांनी बसल्या बसल्या सांगितलं, "कपाळाला आठ्या घाला." घातल्या. उजव्या अर्ध्या कपाळावर पडल्या, डावं सपाट. "छान," ते म्हणाले. मला त्यांचा रागच आला. मग त्यांनी समजावलं. मेंदूत बिघाड असता तर कपाळ बहुधा वाचलं असतं, कारण कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतात. कपाळही गेलं म्हणजे चेहऱ्याची नसच सुजली आहे, सातवी, कानामागून येते ती. बेल्स पाल्सी. स्टिरॉइडच्या गोळ्या, डोळ्यात थेंब, रात्री पापणीवर चिकटपट्टी आणि धीर. बहुतेकांचं काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत सुधारतं म्हणाले.

बायकांचा डावा डोळा लवला तर शुभ म्हणतात. माझा दीड महिना लवलाच नाही.

आठवड्याभराने कामावर गेले. मी बँकेत काउंटरवर बसते. ओठ मिटत नसले की प, फ, ब, म ही मंडळी हातातून निसटतात, आणि आमच्या धंद्यात सगळं याच मंडळींवर चालतं. पासबुक, पॅन, फॉर्म, मॅनेजर. पण उच्चारांचं लोक समजून घेत होते. हसण्याचं काही केल्या जमेना. मी नेहमीसारखं ओळखीचं हसायचे आणि ओठाचा उजवा कोपराच तेवढा वर जायचा. एका गृहस्थांची सही जुळत नव्हती. मी त्यांना शक्य तितक्या सौम्यपणे सांगितलं. ते माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "मॅडम, यात हसण्यासारखं काय आहे?"

मी काही बोलले नाही. संध्याकाळी रजेचा अर्ज टाकला.

त्या रात्री बहिणीचा व्हिडिओ कॉल आला. मला पाहून ती आधी घाबरली, मग सगळं ऐकून सैल झाली, आणि मी हसल्यावर तिच्या तोंडून निघून गेलं, "अगं, थेट ललिता पवार!" आम्ही दोघी हसलो, आणि मग दोघी एकदमच गप्प झालो. आमच्या घरात ते नाव माईआजीचं होतं.

माईआजी म्हणजे आजोबांच्या मोठ्या भावाची बायको. दूध, साखर, तेल, कपाटाच्या किल्ल्या सगळं तिच्या ताब्यात. तिच्या डोळ्यात काही दोष नव्हता, चेहरा तर चांगला रेखीव. तरी ती माजघरातून येताना दिसली की मोठी काकू धाकटीला कुजबुजायची, "आली ललिता पवार," आणि दोघींच्या हातातले चहाचे कप ओट्याखाली जायचे. हे नाव महाराष्ट्रात किती घरांत किती सासवांना पडलं असेल त्याची गणती नाही. विशेषनामाचं सामान्यनाम होण्याचा मान फार थोड्या नटांना मिळतो. तो बाईला मिळाला, आणि तो असा.

रजेत वाचन बंद होतं, कारण उघडा डोळा कोरडा पडून चुरचुरायचा. मग डाव्या डोळ्यावर पट्टी लावून, एका डोळ्याने, मी ललिताबाईंचे सिनेमे पाहायला घेतले. सुरुवातीला निव्वळ सोबत म्हणून.

त्यांची हकिगत बहुतेकांना अर्धीमुर्धी ठाऊक असते. १८ एप्रिल १९१६ ला येवल्यात जन्म, नाव अंबा, वडील कापडाचे व्यापारी. मूकपटांच्या काळात, अजून परकरी वयात असतानाच, त्या कॅमेऱ्यासमोर आल्या. 'आलम आरा'ने १९३१ मध्ये सिनेमाला वाचा फोडली त्याच्या आधीची ही गोष्ट. पुढे नायिका झाल्या, गायल्या, चित्रपट निर्मितीतही उतरल्या. १९४२ मध्ये 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात मास्टर भगवान यांनी त्यांना थोबाडीत मारण्याचा प्रसंग होता. थप्पड खरीच बसली, आणि अशी बसली की डाव्या डोळ्याची शीर फुटली, चेहऱ्याची ती बाजू लुळी पडली. काही वर्षं उपचार चालले. डोळा शेवटपर्यंत बारीकच राहिला. तेव्हा त्या सव्वीस वर्षांच्या होत्या.

इथून पुढची गोष्ट सगळे एकाच चालीत सांगतात: डोळा गेला म्हणून नायिकापद गेलं, आणि डोळ्यामुळेच खाष्ट सासू मिळाली. मीही हे असंच सांगत आले होते. आता आरशासमोर दिवसातून चार वेळा गाल फुगवायचे आणि भुवया वर करायचे व्यायाम करताना पहिल्यांदा वाटलं, की या चालीत एक मोठी फट आहे.

मूकपटात वाढलेली नटी होती ती. जिथे शब्दच नाहीत तिथे चेहरा हेच सगळं भांडवल. राग, लाज, भूक, प्रेम, जे काही सांगायचं ते भुवई, पापणी आणि ओठांनी. त्या शाळेत शिकलेल्या माणसाचा अर्धा चेहरा जाणं म्हणजे पेटी वाजवणाऱ्याचा एक हात जाणं. उरलेल्या अर्ध्यावर सगळं नव्याने बसवायचं. ते किती कठीण असतं हे मला बँकेतल्या त्या गृहस्थांनी एका वाक्यात शिकवलं होतं. माझ्या मनात जिव्हाळा होता आणि त्यांना दिसला तो कुत्सितपणा.

मग 'अनाडी'तल्या मिसेस डिसा कशा जमल्या?

तो सिनेमा १९५९ चा. राज कपूर भाडेकरू, ललिताबाई घरमालकीण. बाई तोंडाने सतत करवादते आणि हाताने सतत देते. मी मुद्दाम आवाज बंद करून काही प्रसंग पाहिले. डावा डोळा तोच, बारीक, किंचित चुकार. 'दहेज'मधल्या सासूचा होता तोच. पण इथे तो डोळा लबाड वाटत नाही; म्हाताऱ्या माणसाचा उन्हात मिचकावलेला डोळा वाटतो. मी रिमोटने पुन्हा पुन्हा मागे गेले. माझ्या लक्षात आलं ते असं: खाष्ट भूमिकेत बाई हनुवटी वर उचलते, म्हणजे पापण्या अर्ध्या खाली येतात आणि बारीक डोळा समोरच्याला तोलून पाहतो. मिसेस डिसा मान खाली घालून, जरा तिरकी करून, वर बघते. चार बोटांचा फरक असेल मानेत. ही माझी हौशी नजर, तेही एकाच डोळ्याची. जाणकारांनी हवं तर खोडून काढावी. पण त्या संध्याकाळी मी आरशासमोर दोन्ही करून पाहिलं. हनुवटी वर: बँकेतली मी. मान खाली: जरा बरी. दुसऱ्या दिवशी दूधवाल्याशी मान तिरकी करून बोलले आणि तो परत हसला.

त्या भूमिकेला फिल्मफेअर मिळालं, साहाय्यक अभिनेत्रीचं. मिसेस डिसा औषध घेऊन मरते; भेसळीच्या औषधाने. त्यावर राज कपूरवर विषप्रयोगाचा आळ. म्हणजे सिनेमाची सगळी दोरी ज्या मरणावर बांधलेली आहे, ते मरण नायिकेच्या किंवा आईच्या वाट्याचं नाही. घरमालकिणीच्या वाट्याचं आहे. थिएटरातल्या माणसांनी त्या बाईसाठी रडायला हवं होतं, नाही तर पुढचा सिनेमाच पडला असता. रडली माणसं.

आणि त्याच वर्षी 'सुजाता'. त्यात ललिताबाई म्हणजे बुआजी, जातीपातीचं सोवळं कडक पाळणारी, अस्पृश्य घरात जन्मलेल्या पोरीला घरातून काढा म्हणून मागे लागलेली. त्या पोरीला सांभाळणारी बाई आहेत सुलोचनाबाई. मला हे पाहताना गंमत वाटली. मराठी घरात बाईला दोनच दाखले मिळायचे, 'अगदी सुलोचना' नाही तर 'नुसती ललिता पवार', आणि इथे दोघी एकाच दिवाणखान्यात समोरासमोर बसलेल्या. गोष्टीच्या शेवटी वळण घ्यायचं असतं ते सुलोचनाबाईंच्या पात्राला. बुआजीचं काम त्या वळणाआधीचा चढ तयार करण्याचं. चढ नीट झाला नाही तर वळणावर कुणाच्या पोटात गोळा येत नाही. चरित्र अभिनेत्याचं बरंचसं आयुष्य असे चढ बांधण्यात जातं, आणि फोटो निघतात वळणाचे.

एका वर्षात दोन टोकं गाठण्याचा प्रकार त्यांनी आधीही केला होता. १९५५ मध्ये 'श्री ४२०'मध्ये रस्त्यावर केळी विकणारी गंगामाई, आणि 'मि. अँड मिसेस ५५'मध्ये सीतादेवी. सीतादेवी श्रीमंत, बायकांच्या हक्कांवर भाषणं ठोकणारी, पुरुष जातीचा तिटकारा असलेली आत्या. भाचीला वारसा मिळावा म्हणून ती तिच्यासाठी भाड्याचा नवरा ठरवते. तो सिनेमा सीतादेवीशी न्यायाने वागत नाही, हे आज पाहताना टोचतं. पण ललिताबाई तिला बुजगावणं होऊ देत नाहीत. ती बाई आपल्या म्हणण्यावर खरोखर विश्वास ठेवते, असं निदान मला तरी पडद्यावर दिसलं.

वयाचा हिशोब मात्र थक्क करतो. 'रामशास्त्री'मध्ये त्या आनंदीबाई झाल्या तो १९४४ चा सुमार, म्हणजे वय अठ्ठावीस. थप्पड बसून दोन वर्षं. 'ध'चा 'मा' करणारी बाई म्हणून मराठी मनात ठसलेली ती व्यक्ती, आणि ती बारीक डोळ्याच्या, अजून तरुण असलेल्या नटीकडे आली. चौतिसाव्या वर्षी 'दहेज'मध्ये सासू. छत्तिसाव्या वर्षी 'दाग'मध्ये दिलीपकुमारची आई, आणि तो त्यांच्याहून फक्त सहा वर्षांनी लहान! 'जंगली' आली तेव्हा पंचेचाळीस. घरात कुणी हसायचंच नाही असा कायदा करणारी शम्मी कपूरची आई. या बाईला पडद्यावर तरुणपणातून म्हातारपणात जाताना कुणी पाहिलंच नाही. मधली वर्षं गाळून ती थेट पलीकडे जाऊन बसली. त्यामुळे एक झालं: नायिकांना चाळिशीत जी भीती पोखरते ती हिच्या वाटेला आली नाही. खरं वय मागून चालत आलं आणि पुढे साठीत कधीतरी भूमिकांच्या वयाला गाठलं.

यात मला सगळ्यात आवडली ती 'प्रोफेसर'. १९६२. शम्मी कपूर म्हाताऱ्या प्रोफेसराचं सोंग घेऊन शिकवणीला येतो, कारण घरात तरुण मास्तर चालणार नाही असा मालकिणीचा दंडक आहे. मालकीण ललिताबाई, भाच्यांना धाकात ठेवणारी कडक आत्या. आणि ही आत्या त्या खोट्या म्हाताऱ्याच्या प्रेमात पडते. लिहिणाऱ्यांनी हे हशा काढायला लिहिलंय, यात शंका नाही. प्रौढ बाई नटतेय, लाजतेय, हसा. मीही हसत होते. एक डोळा पट्टीखाली, चहाचा कप उजव्या कोपऱ्याला लावलेला, शेजारी टॉवेल. मग बाई लाजली. मान जरा वळली, दोन्ही पापण्या खाली आल्या, आणि त्या एका क्षणात कुठला डोळा चांगला आणि कुठला अधू ते कळेनासंच झालं. विशी-पंचविशीत नायिका म्हणून जे लाजणं केलं असेल, ते वीस वर्षं पेटीत ठेवून आज बाहेर काढल्यासारखं. चहा टॉवेलवर सांडला. मला हसू येत होतं की दुसरं काही, हे माझ्या चेहऱ्यावरून कुणाला सांगता आलं नसतं, आणि तेव्हा मलाही.

बाकी बरंच आहे. १९६१ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार. 'आनंद'मधली मेट्रन, तीही डिसाच, आणि दिग्दर्शकही पुन्हा 'अनाडी'चेच, हृषीकेश मुखर्जी. पुढच्या काळात त्याच त्या सासवा कितीतरी. 'सौ दिन सास के' नावातच सगळं सांगून मोकळा होतो. त्यातल्या काही मी पाच मिनिटांत बंद केल्या. पोटासाठी केलेलं काम पोटासाठी केल्यासारखं दिसतं, त्यात बाईंचा कमीपणा नाही.

पण मंथरा सोडून पुढे जाता येत नाही.

'रामायण' २५ जानेवारी १९८७ ला दूरदर्शनवर सुरू झालं. दर रविवारी सकाळी साडेनऊला. मी चौथीत होते. टीव्ही समोरच्या बिऱ्हाडात होता, लाकडी शटरचा, कृष्णधवल. नऊपासून सतरंजीवर जागा धरायची. मोठ्यांच्या आंघोळी आटपलेल्या असायच्या, काहीजणी टीव्हीला हळदकुंकू लावायच्या. माईआजी मागे भिंतीला टेकून पाटावर. ती यायची ती देवासाठी. टीव्ही तिला एरवी वर्ज्य.

मंथरा पहिल्यांदा पडद्यावर आली तेव्हा मोठ्या काकूने धाकटीला कोपराने ढोसलं. पाठीत पोक, हातात काठी, तो डोळा. आम्ही पोरंही सामील होतो, कारण नाव सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्या खोलीने एकदा टीव्हीकडे पाहिलं आणि एकदा चोरून मागे, पाटाकडे. कैकेयीचे कान भरायचा प्रसंग आला तशी खोलीतून "मेली", "सटवी" सुरू झालं. कुणीतरी बोटं मोडली. माझ्या शेजारची मुलगी डोळे झाकून बसली होती.

ललिताबाई तेव्हा एकाहत्तर वर्षांच्या होत्या. हे मला आता कळतंय, हिशोब केल्यावर. तेव्हा माईआजीला ते कुठलाही हिशोब न करता कळलं होतं. खोलीत सगळे मंथरेला शिव्या घालत असताना ती मागून मोठ्याने, कुणालाच उद्देशून नव्हे अशी, म्हणाली, "इतका वेळ वाकून चालायचं म्हणजे कमरेचं काय होत असेल तिच्या?"

कुणी उत्तर दिलं नाही.

"वय झालंय हो तिचं," माईआजी म्हणाली. "आणि पुन्हा पुन्हा करायला लावत असतील. एकदा करून होत नसेल ते."

समोरच्या काकू म्हणाल्या, "अहो माई, ती मंथरा आहे."

"ते दिसतंय मला."

तिला तिचं टोपणनाव ठाऊक होतं का? बहिणीला वाटतं, नसेल. मला वाटतं, असणार. ज्या बाईला दुधाची साय बोटभर कमी झालेली कळायची, तिला ओट्याखालचे कप दिसत नव्हते हे मी मानायला तयार नाही. पण तिने कधी तसं दाखवलं नाही, आणि आम्ही कधी विचारलं नाही. काकूंची बाजूही मी आता नाकारत नाही. भर दुपारी चोरून चहा प्यावा लागणं हे काही विनोदी नव्हतं.

ललिताबाई २४ फेब्रुवारी १९९८ ला पुण्यात गेल्या. माईआजी त्याच्या बरीच आधी गेली होती. माझा चेहरा सहाव्या आठवड्यापासून हळूहळू परत येऊ लागला. आधी नाकपुडी हलली, मग गाल, मग एका सकाळी चूळ तोंडात राहिली. पूर्ण मात्र आला नाही. अजूनही मोठ्याने हसले की डावा डोळा आपोआप थोडा बारीक होतो. नस भरून येताना वाटा चुकते म्हणे, ओठांकडे जायचं ते पापणीकडे जातं. काउंटरवर मी मान जरा तिरकी करून बोलते. आता ती सवयच झाली आहे.

राम वनवासाला निघाला आणि गोष्ट अयोध्येबाहेर पडली. जंगल, ऋषी, राक्षस. सतरंजीवर गर्दी तशीच, हळदकुंकू तसंच. माईआजी दोन रविवार आली. तिसऱ्या रविवारी मी तिला बोलवायला गेले तर ती माजघरात वाती वळत बसली होती.

"चल ना, सुरू होईल."

"आज ती आहे का?"

"कोण?"

तिने मांडीवरचा कापूस सारखा केला. "ती पोकवाली."

"नाही गं. तिचं काम संपलं."

"मग तू जा," म्हणाली, "मला वाती वळायच्यात."